केक कापायला आई-बाप हवेत!

“कोणी खरं मानणार नाही, पण देवाशपथ सांगतो!” जाळं विणायची सुई खाली ठेवत काशीरामबाबा म्हणाले. अंगणात बोंबील उलटणाऱ्या तेरेसानं कान टवकारले.

जूचंद्रचा भूपेश फार्मासिस्ट, बायको संजनाही फार्मासिस्ट. दोघं अर्धवेळ, पण नावालाच! फार्मासिस्ट हलला की मेडिकलचं शटर ओढावं लागतं, मग मालक कसला सोडतोय? ती दिवसभर इथे अर्नाळ्यात, तो रात्रभर कामणला. ती परतण्याआधी हा निघालेला, हा परतण्याआधी ती! मधल्या वेळात पोर शेजारच्या रंभाकाकूंकडे. लग्न झाल्यापासून दोन वर्षं नवरा-बायकोनं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही! संसार सगळा फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर: ‘जेवणानंतर डाळ संपवणे. झोपण्यापूर्वी दूध तापवणे.’

आणि आला खुशीचा पहिला वाढदिवस! आज तिघांनी मिळून केक कापायचाच, असं ठरवून भूपेशनं गुपचूप दिवसपाळी मागून घेतली. संध्याकाळी केक घेऊन घरी येतो तो काय, दाराला कुलूप! काकूंच्याही दाराला कुलूप! त्याच्या छातीत पिठाची गिरणी सुरू झाली. संजनाला फोन लावला.

“अगं, आहेस कुठं?”

“दुकानात! तुमच्यासाठी रात्रपाळी मागितली. दिवसभर घरी वाट पाहिली!”

“मी तुझ्यासाठी दिवसपाळी घेतली ना! आणि खुशी?”

“काकूंकडे!”

“काकू नाहीत!”

तिकडे संजनानं धाडकन शटर ओढलं, गिऱ्हाईक आत राहिलं की बाहेर तेही बघितलं नाही! इकडे भूपेश केक हातात धरून चार मजले खाली-वर, खाली-वर. गच्ची पाहिली, गाड्यांखाली पाहिलं. काकू फोन उचलेनात. केक वितळून पार कोपरापर्यंत आला!

तासाभरानं हेल्मेट घातलेली एक बाई धापा टाकत जिना चढली. तिच्या मागोमाग रंभाकाकू, कडेवर खुशी, तोंडभर क्रीम.

“तुमचे तास जुळेपर्यंत पोरीचं लग्न होईल!” काकू कडाडल्या. “देवळापुढे बायकांत बसून कापला मी केक!”

भूपेशनं पोरीला छातीशी धरलं. मग हेल्मेटवालीकडे वळला.

“ताई, आपण कोण?”

“मी खुशीची आई. आणि आपण?”

काशीरामबाबांनी डोळे पुसले. “अशी झाली बघ लग्नानंतरची त्यांची पहिली भेट!”

तेरेसाच्या हातातला बोंबील हातातच राहिला.

“बाबा, दोन वर्सं तोंड पायलं नाय ना?”

“देवाशपथ!”

“मंग ही एक वर्साची खुशी काय कुरिअरनं आली?”