चेतना एटीव्हीवर दिसणार!

कुंदाने होकार दिला तो चपाती उलटताना. तिथेच सगळी वाट लागली. बाईमाणसाचा एक कान तव्याकडे असताना तिला महत्त्वाचं काही विचारूच नये.

"आई, रविवारी गोराईला जाऊ," तिचा मुलगा प्रबुद्ध म्हणाला. "चेतूला एटीव्हीवर बसवायचं म्हणतोय."

आता एटीव्ही म्हणजे चार फुगीर चाकांची, वाळूत उड्या मारत पळणारी गाडी. हे कुंदाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तिने ऐकलं ते 'ए' आणि पुढे 'टीव्ही'. (प्रबुद्धला वाक्यात मध्येच 'ए' म्हणायची सवय लहानपणापासूनची. त्यासाठी त्याने मारही खाल्ला होता.)

सात वर्षांची नात टीव्हीवर! कुंदाच्या हातातली चपाती तव्यावर न पडता गॅसवर पडली.

"बसव की! विचारतोस काय?"

"आई, ती लहान आहे अजून," सून रश्मी हळूच म्हणाली. "घाबरेल."

"घाबरते कशाला? तुझ्यासारखी आहे का ती? माझी नात आहे!"

"हेल्मेट देतात गं तिथे," प्रबुद्ध म्हणाला.

"हेल्मेट? मग वेण्या कशा दिसणार? काही नको!"

रश्मी सासूकडे बघतच राहिली. पण कुंदाने एकदा शब्द दिला की कांदिवलीत तो कुणी मागे घ्यायला लावलेला नव्हता. बिल्डिंगचा सेक्रेटरीसुद्धा तिला बघून जिना बदलायचा.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला बातमी लागली. शेजारच्या शेवंतीने तर सरळ विचारलं, "मी आले तर मागे उभी राहिलेली दिसेन का गं?"

"ये की. पण मागेच राहा. पुढे घुसू नको."

रविवारी खाडीच्या बोटीतून पाच जण गोराईला उतरले. चेतनाला जरीचा परकर-पोलका, गजरा आणि इतकी पावडर, की पोरगी शिंकत होती. शेवंतीने गॉगल लावला होता.

"कॅमेरे कुठायत?" किनाऱ्यावर कुंदाने विचारलं.

"कसले कॅमेरे?" प्रबुद्ध म्हणाला. "ती बघ एटीव्ही!"

समोर भर्रर्र करत एक धूड आलं, वाळू उडवत गर्रकन फिरलं आणि थांबलं. गाडीवाला बस्त्याव उतरून म्हणाला, "या! बेबीला बसवायचंय ना?"

कुंदाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या असल्यावर? आपली चेतू? ती पडली आणि हे धूड वरून आलं तर?

नाही म्हणावं, तर शेवंती गॉगल वर करून बघत होती. आणि रश्मीला सगळ्यांदेखत गप्प कुणी केलं होतं? आपणच! आता तिच्यापुढे 'मला टीव्ही वाटला' म्हणायचं? त्यापेक्षा खाडीत उडी बरी.

"थांबा!" कुंदा गरजली. "आधी मी बसणार. मला नीट वाटली, तरच पोरगी बसेल."

"आई, तू?" प्रबुद्ध ओरडला.

"का? मला काय झालंय?"

तिने पदर खोचला, अंबाड्यावर हेल्मेट दाबलं आणि टांग टाकली. बस्त्यावने समजावलं, "आजी, अंगठ्याखाली रेस, बोटांखाली ब्रेक. सोपं आहे."

सोपं होतंच. फक्त माणूस घाबरला की मूठ आवळतो, मूठ आवळली की अंगठा दाबला जातो, अंगठा दाबला की गाडी पळते आणि गाडी पळाली की माणूस आणखी घाबरतो. हे बस्त्यावने सांगितलं नव्हतं.

गाडी सुटली! गोळेवाला बर्फासकट बाजूला उडाला. व्हॉलीबॉलची जाळी पोरांनी स्वतःहून खाली धरली. मागून बस्त्याव जिवाच्या आकांताने धावत होता. "आजी, अंगठा! अंगठा!"

कुंदाला तेवढ्यातही राग आला. मान वळवून ती ओरडली, "अंगठा कुणाला म्हणतोस रे? चौथी पास आहे मी! सही करता येते मला!"

"अंगठा काढा!"

"नाही काढणार! सहीच करणार!"

पुढे बांबूंवर बोंबील सुकत घातले होते. गाडी त्यांच्यातून आरपार गेली आणि समुद्रात शिरून खोकत बंद पडली. कुंदा गुडघाभर पाण्यातून चालत बाहेर आली, हेल्मेटला चार बोंबील लोंबकळत.

चेतना टाळ्या वाजवत होती. "आज्जी, झकास! आता मी!"

"गप! हाडं मोजायची आहेत का तुझी?" कुंदा बस्त्यावकडे वळली. "खरं सांग रे. ही गाडी पोरावर उलटली तर?"

बस्त्याव पायाने वाळू उकरत राहिला. "सावकाश चालवली तर नाही उलटत."

"उलटली तर?"

"उचलायला दोन माणसं लागतात," तो पुटपुटला.

"ऐकलंस, प्रबुद्ध? दोन माणसं! आणि ही चिमणी खाली! माझ्यासारख्या बाईला आवरलं नाही, ते ही आवरणार?" मग ती रश्मीवर उखडली. "आणि तू गं! बरोबर बोलत होतीस, तर जोरात बोलायला काय झालं होतं?"

रश्मी पहिल्यांदाच हसली. चेतनाने भोकाड पसरलं. प्रबुद्ध तिला गोळा घ्यायला घेऊन गेला.

कुंदाचं समाधान एवढ्यावर होईना. "आता बोर्ड लाव," ती बस्त्यावला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. परत कुणाच्या नातीला बसवलंस तर बघ!"

बस्त्यावने बोंबलांकडे पाहिलं, समुद्रातल्या गाडीकडे पाहिलं आणि मुकाट्याने पुठ्ठा काढून लिहायला बसला. लिहून झाल्यावर त्याने तो खांबाला बांधला. तोवर बरीच गर्दी जमली होती.

"शेवंती, ऐक गं! सगळे ऐका!" कुंदाने मान ताठ केली आणि अक्षरांवर बोट ठेवत खणखणीत आवाजात वाचलं, "लहान मुलांना... ही गाडी... मिळणार नाही. त्यांच्या आज्ज्यांना... तर... मुळीच नाही."