घाबरण्याचा नियम

संध्याकाळी कुमुदताईंच्या स्वयंपाकघरातून आमटीच्या वासाबरोबर त्यांचा आवाज येतो, "सर्व गाड्यांना कळवण्यात येतं, की कंट्रोल रूमची आमटी उतू चालली आहे. मी येईपर्यंत कुणीही गोळीबार करू नये. ओव्हर."

ताईंनी साठी ओलांडली आहे. जन्मभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, लग्न केलं नाही. भाचा त्यांच्याकडेच वाढला. तो नोकरीला बंगलोरला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर, हेडफोन आणि त्यातला एक खेळ मागं राहिला. खेळ असा, की इंटरनेटवर शांतीनगर नावाचं एक खोटं शहर आहे. आपापल्या घरी बसून तिथं कुणी चोर व्हायचं, कुणी रिक्षावाला, कुणी पोलीस, आणि माइकवर तसं बोलायचं-वागायचं. भाचा पोलीस होता. "पोराची नोकरी जायला नको," म्हणून ताईंनी त्याच्या जागी एक दिवस हजेरी लावली. आता त्या तिथल्या कंट्रोल रूमच्या प्रमुख आहेत आणि वीस-बावीस पोरं त्यांना मॅडम म्हणतात.

ही पोरं आधी नुसता दंगा करायची. ताईंनी नियम घालून दिले. आरोपीला अहो-जाहो करायचं. सायरन उगाच वाजवायचा नाही, लोकांची बाळं झोपलेली असतात. शांतीनगरात बाळंच नाहीत, हे मॅडमना सांगायची कुणाची टाप नाही. आणि ड्युटीवर असताना घरून आईनं हाक मारली, तर पाठलाग सोडून आधी जाऊन यायचं. चोर एव्हाना हुशार झालेत. मागं जीप लागली की बायकी आवाज काढून माइकवर ओरडतात, "बाळा, नळ आला रे, बादल्या लाव!" आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या आमच्या भागात हे ऐकून जागचा न उठणारा पोलीस अजून जन्मायचाय.

पण सगळ्यात कडक नियम वेगळाच. बंदूक रोखली, की घाबरायचं. खेळात मेलेला माणूस पुन्हा उठतो, म्हणून पोरं छातीवर पिस्तूल असतानाही खिदळत उड्या मारतात. ताईंना ते खपत नाही. "ज्याला जिवाची किंमत नाही तो मला पोलिसांत नको आणि चोरांतही नको," असं त्या म्हणतात.

माझी त्यांची ओळखही या घाबरण्यातूनच झाली. मी गोंदियाकडचा, तलावांच्या मुलखातला. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. इथं शहरात उस्मानपुऱ्यातल्या एका बेकरीत कामाला लागलो आणि ताईंच्या वरची खोली विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "पोलीस व्हेरिफिकेशन करावं लागेल. बस." त्यांनी मला कॉम्प्युटरपुढं बसवून कानावर हेडफोन चढवला. आतून जाड आवाज आला, "नमस्कार. आपलं नाव काय? गाव कोणतं? ओव्हर." मी ताडकन उभा राहिलो, हात वर केले, वायर ताणून माउस खाली पडला. "साहेब, मी काही केलं नाही जी! सरपंचांना विचारा!"

पलीकडं तोच आवाज चेकाळला, "मॅडम, लई भारी घाबरतंय हे! एकदम ओरिजनल हाय!"

हा शांतीनगरचा हवालदार, कन्नड तालुक्यातला, कॉलेजात शिकणारा पोरगा. मला खोली मिळाली. शिवाय पदही मिळालं. नव्या पोरांना घाबरावं कसं हे दाखवणारा नागरिक म्हणून रोज संध्याकाळी मी ताईंच्या शेजारी बसतो. भित्रेपणाबद्दल जन्मभर बोलणी खाल्ली, शाबासकी फक्त या घरात मिळाली. ताईंचे उपकार मी विसरणार नाही.

पाऊस न झालेल्या त्या वर्षी दलात एक पोरगा आला. नाव घेतलं होतं चित्ता. कुणी बंदूक रोखली की हा हसायचा. सरकारी जीप रोज पुलावरून खाली फेकायचा. एक दिवस हवालदार चिडला, "मॅडम, काढा ह्याला. समदी शिस्त नासवतंय."

"काढा की," चित्ता हसत म्हणाला. "मेलो काय अन् ऱ्हायलो काय, कुणाला फरक पडतोय?"

पोरंही हसली. ताई मेथी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. जन्मभर तारेतून आवाज ऐकलेली बाई ती. म्हणाल्या, "चित्ता निलंबित. पण शिक्षा कंट्रोल रूममध्ये भोगायची. रोज दिवेलागणीला वायरलेसवर माझ्याजवळ बसायचं." मग माझ्याकडं वळल्या, "आणि तू याला घाबरायला शिकव."

आता घाबरणं काय शिकवणार? मला कशाकशाची भीती वाटते ते सांगत सुटलो. लिफ्टची. इंग्रजी पाट्यांची. नळाला पाणी येईल तेव्हा आपण बेकरीत असू याची. घरून अवेळी येणाऱ्या फोनची. चित्ता नुसता "हूं" म्हणायचा. असे काही दिवस गेले आणि एकदा तो म्हणाला, "फोन आला तर बरंच की राव."

मग हळूहळू निघालं. तो पाचोड गावचा. विहीर आटली तसे आईबाप पुण्याकडं बांधकामावर गेले. ह्याला कॉलेजसाठी बायपासपल्याड खोली करून दिली. "बाजूला नुस्ते नवे फ्लॅट हायेत, माणसं अजून यायचीत. तिकडं फोन मुकादमाचा, लागला तर लागतो. दिवस दिवस तोंड उघडायला कुणी नाय. जीप फेकली की तुम्ही समदे मला शिव्या तरी देता."

मला वाटलं, आता ताई उपदेश करणार. त्यांनी माइक जवळ ओढला.

"कंट्रोल बोलतेय. मला साडेआठची भीती वाटते."

"साडेआठला काय असतं, मॅडम?" हवालदारानं विचारलं.

"तुम्ही सगळे जेवायला उठता."

मीही साडेआठला डबा खायला वर जात असे, ताईंना जरा निवांतपणा मिळावा म्हणून. तेवढ्यात चित्त्याकडून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मॅडम, खिचडी झाली. ताट घेऊन इथंच बसलो तर नियमात बसंल का?"

ताईंनी चष्मा पुसला. "बसत नाही," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं, "बसवू."

"आये, माझं बी ताट इकडंच दे!" हवालदार ओरडला. मी डबा आणायला वर पळालो.

तेव्हापासून शांतीनगरात जेवणाच्या वेळी दरोडे बंद असतात. चोर-पोलीस एकमेकांना भाजी विचारतात. चित्त्याचं निलंबन मात्र अजून चालू आहे. उठवा असं तो म्हणत नाही आणि ताईही विषय काढत नाहीत.