तिजोरीतले ऑब्रे

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला ग्लेनिस पास्कोचा अर्ज सातव्यांदा परत आला.

अर्ज होता विद्यापीठाच्या तिजोरीत जागा मिळावी म्हणून. तिजोरी म्हणजे लोखंडी पेटी नव्हे, एक बंदिस्त संगणक. लोकांच्या आजारपणाची खाजगी माहिती त्यात ठेवायची, त्यातच बसून तिचा अभ्यास करायचा आणि बाहेर येताना झडती देऊन यायचं. परवानगीशिवाय आत एक ओळ नेता येत नाही आणि बाहेर एक आकडा आणता येत नाही. नियम चांगलेच होते, ग्लेनिसचं त्यांच्याशी काही भांडण नव्हतं. तिला फक्त आत जायचं होतं, आणि तेही आज संध्याकाळी पाचच्या आत.

टास्मानियाच्या आडगावांत ॲम्ब्युलन्स किती उशिरा पोचते आणि त्या उशिरापायी किती माणसं हकनाक जातात, याचा छडा तिला लावायचा होता. त्यासाठी नऊ वर्षांच्या नोंदी द्यायला आरोग्य खात्याने अडीच वर्षं घेतली होती. परवानगीच्या पत्रावर आजची मुदत होती. पाचपर्यंत नोंदी तिजोरीत पोचल्या नाहीत तर परवानगी रद्द आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज. पुन्हा अडीच वर्षं. ग्लेनिसची नोकरी पुढच्या वर्षअखेरपर्यंतच होती.

तिने तिजोरीच्या कचेरीत फोन लावला. तिथे तालिया नावाची मुलगी होती. मुलगी मनाने सोन्यासारखी, पण नियमाच्या बाहेर केसभर सरकायची नाही.

"तालिया, आता काय राहिलं गं?"

"अगं, यावेळी अगदी छोटं आहे. तुझ्या प्रमुख संशोधकांचं प्रशिक्षण झालेलं नाही."

"मागच्या सहा वेळा हे का नाही सांगितलंस?"

"मागच्या सहा वेळा अर्ज या पानापर्यंत पोचलाच नव्हता. पहिली चूक दिसली की आम्ही तिथेच थांबतो."

ग्लेनिसने कपाळावर हात मारला. प्रमुख संशोधक होते एमेरिटस प्रोफेसर ऑब्रे थॉर्नवेल. वय एक्क्याऐंशी, निवृत्त होऊन चौदा वर्षं झालेली, मुक्काम ब्रूनी बेटावर मेंढ्यांच्या संगतीत. या अभ्यासाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण ग्लेनिस त्यांच्या हाताखाली शिकलेली. लग्नपत्रिकेवर घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाचं नाव वर छापतात ना, तसं तिने त्यांचं नाव अर्जावर सगळ्यांत वर घातलं होतं. त्या विभागात सगळेच घालत. आजवर त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"नाव काढून टाक ना त्यांचं."

"काढता येतं की. त्यांनी तिजोरीत लॉगिन करून स्वतः संमती द्यायची."

"आणि लॉगिन कधी मिळतं?"

"प्रशिक्षण झालं की."

मग तिने जे विचारलं त्याची तिला नंतर दिवसभर लाज वाटत राहिली. "आणि समज, ते हयात नसते तर?"

"मग सोपं होतं," तालिया उत्साहाने म्हणाली. "दाखला जोडला की अर्ध्या तासात नाव जातं."

पण ऑब्रे ठणठणीत होते. ग्लेनिसने गाडी काढली, केटरिंगला फेरीबोटीच्या रांगेत तासभर तिष्ठत राहिली आणि बाराच्या सुमाराला थॉर्नवेलांच्या फाटकाशी उभी राहिली. ऑब्रेंच्या बायकोने, डल्सीने, तिला पोटाशी धरलं, टेबलाशी बसवलं आणि पुढ्यात स्कोन, म्हणजे घरचे खुसखुशीत गोडसर पाव, ठेवले. ऑब्रेंना तर आनंदाचं भरतं आलं. आपण अजून कशाचेतरी प्रमुख आहोत हे त्यांना आजच कळत होतं.

"काय करायचंय ते सांग, पोरी. चाळीस वर्षं शिकवलंय मी, दहा प्रश्नांचं काय घेऊन बसलीस?"

डल्सीचा संगणक मांडला. तो ती लोकरीच्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवायला वापरायची. दहा प्रश्न, नऊ तरी बरोबर यायला हवेत, आणि संधी तीन. तिसऱ्यांदा नापास झालं की महिनाभर दार बंद.

पहिलाच प्रश्न आला: तुमचा सहकारी संगणक उघडा टाकून चहाला गेला आहे, तुम्ही काय कराल?

"सहकारी कुठल्या विषयातला?" ऑब्रेंनी विचारलं.

"ते दिलेलं नाही."

"मग उत्तर कसं देणार? भूगोलवाला असेल तर त्याच्या संगणकात बघण्यासारखं असणार काय?"

"ऑब्रे, तुम्ही फक्त दुसरा पर्याय दाबा."

"तू उत्तर सांगू नकोस. मी कॉपी करून पास झालेला माणूस नाही."

पुढचा प्रश्न होता, एका छोट्या गावात एकाच माणसाला एखादा आजार असेल तर तो आकडा जाहीर करावा का. ऑब्रे खो खो हसले. "अरे, गावाला आधीच माहीत असतं! आमच्या शेजारच्या मर्व्हचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याच्याआधी फेरीबोटीवरच्या माणसाला कळलं होतं." आणि त्यांनी 'करावा' हे बटण दाबलं.

पहिल्या खेपेला दहापैकी चार आले. दुसऱ्या खेपेला प्रत्येक प्रश्नातली तर्काची चूक दाखवत ऑब्रे तिनावर उतरले. घड्याळात पावणेदोन झाले होते आणि ग्लेनिसच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अडीच वर्षं तिने खात्याच्या पायऱ्या झिजवल्या, पंचेचाळीस पानांचे खुलासे लिहिले, आणि आता सगळं एका हट्टी म्हाताऱ्याच्या बोटावर येऊन लटकलं होतं. तिला रडू येत होतं, पण समोर स्कोन होते आणि डल्सी बघत होती.

शेवटी डल्सीच बोलली. "ऑब्रे, आयुष्यभर पोरांना 'आधी पुस्तक वाचा, मग वाद घाला' म्हणत नापास करत आलास. तू वाचलंस का पुस्तक?"

ऑब्रे चपापले. प्रशिक्षणाची चाळीस पानं त्यांनी उघडलीच नव्हती. ते संगणक आणि पेन्सिल घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. एक तास गेला. दीड तास गेला. ग्लेनिस स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती आणि डल्सी तिला मधूनमधून "बस गं बाळ" म्हणत होती.

सव्वातीनला दार उघडलं. ऑब्रेंचा चेहराच बदललेला होता.

"ग्लेनिस, माझं चुकलं. यात फार तथ्य आहे. माणसाची गुप्त गोष्ट म्हणजे त्याचं घर आहे गं. आपण सगळे किती निष्काळजीपणे वागतो!" मग ते संकोचत म्हणाले, "दहापैकी दहा मिळाले."

ग्लेनिसने त्यांना मिठी मारली. आता फक्त लॉगिन उरलं होतं. लॉगिनसाठी ऑब्रेंच्या मोबाईलवर सहा आकडी गुप्त क्रमांक येणार होता आणि तो दोन मिनिटांत भरायचा होता.

"मोबाईल आहे की," डल्सी म्हणाली. "मुलीने दिलाय. पण इथे त्याला रेंज नाही. रेंज टेकडीवर."

टेकडी लोकर कातरायच्या शेडच्या मागे होती. घरापासून वर पोचायला ऑब्रेंना वीस मिनिटं लागत, ग्लेनिसला सात. घोडं इथे पेंड खात होतं. ग्लेनिसने तालियाला घरातल्या फोनवरून विचारलं, दुसरा काही मार्ग आहे का. "आहे ना," तालिया म्हणाली, "टपालाने कार्ड पाठवतो आम्ही. दहा दिवस."

मग ठरलं ते असं: ग्लेनिसने फोन घेऊन टेकडीवर जायचं, डल्सीने शेडपाशी उभं राहायचं, ऑब्रेंनी खिडकी उघडी ठेवून संगणकाशी बसायचं. डल्सीने टॉवेल हलवला की ऑब्रे बटण दाबणार, ग्लेनिस वरून आकडे ओरडणार, डल्सी ते खाली पोचवणार.

पहिल्या खेपेला वाऱ्याने घात केला. दक्षिणेकडून असा वारा सुटला होता की ग्लेनिसचे आकडे शेडपर्यंत न येता समुद्रात जात होते. दोन मिनिटं संपली. दुसऱ्या खेपेला आकडे पोचले, पण ऑब्रेंनी ते आधी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढले आणि मगच भरायला घेतले. पुन्हा वेळ संपली. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. तिसऱ्या खेपेला कुंपणापलीकडे ट्रॅक्टरवर बसलेला मर्व्ह आपण होऊन मदतीला आला. मेंढ्या हाकून हाकून त्याचा गळा चांगला तयार झाला होता.

"आठ! शून्य! चार!" ग्लेनिस वरून ओरडली.

"आठ! शून्य! चार!" मर्व्ह बेंबीच्या देठापासून गरजला. अख्खा कळप वळून बघायला लागला. "पुढचे सांग, बाई, पुढचे!"

चार वाजून बारा मिनिटांनी ऑब्रे थॉर्नवेल तिजोरीत शिरले. ग्लेनिस धापा टाकत खाली आली तेव्हा डल्सीने फोन तिच्या हातात दिला. पलीकडे तालिया चक्क टाळ्या वाजवत होती. "आले! हिरवा दिवा लागला! मी नोंदी आत घ्यायला सुरुवात केली, अर्ध्या तासात होईल सगळं."

ग्लेनिस पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. डल्सीने तिच्या खांद्यावर शाल टाकली. मर्व्हलाही स्कोन मिळाले. ऑब्रे तेवढे आत संगणकाशी एका बोटाने काहीतरी टिपत बसले होते.

साडेचारला फोन वाजला.

"ग्लेनिस," तालियाचा आवाज बदलला होता. "प्रकल्प गोठलाय. तक्रार आली आहे."

"कसली तक्रार?"

"सुरक्षाभंगाची. वाचते हं. 'गुप्त क्रमांक टेकडीवरून मोठ्याने जाहीर करण्यात आला. साक्षीदार दोन, पैकी एक ट्रॅक्टरवर.' आणि आरोपी म्हणून तुझं नाव आहे गं."

ग्लेनिसने सावकाश मान वळवली. ऑब्रे दारात उभे होते, सरळ, अभिमानाने.

"मीच कळवलं," ते म्हणाले. "दहावा प्रश्न होता ना! नियमभंग करणारा कितीही जवळचा असला, तरी त्याच दिवशी कळवावं. मला फार जड गेलं, पोरी. पण तूच मला हे शिकायला लावलंस."

ग्लेनिसला ओरडायचं होतं. पण म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळलेला होता, की तिला ते जमेना. नोंदी साठ टक्के आत गेल्या होत्या आणि तिथेच थांबल्या होत्या. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. पाच वाजले. आपली अडीच वर्षं मेली, एवढंच तिच्या मनात आलं. त्या ॲम्ब्युलन्सची वाट बघत गेलेल्या माणसांची दखलही आता कुणी घेणार नाही, असं वाटून तिला स्वतःपेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटलं.

सव्वापाचला फोन पुन्हा वाजला. तो डल्सीने घेतला आणि तिच्यापुढे धरला.

"ग्लेनिस, ऐकतेस ना?" तालियाला दम लागला होता. "मी वरच्यांना विचारलं. चौकशी लागलेला प्रकल्प बंद करता येत नाही! सगळं पुरावा धरतात. पुरावा अर्धवट ठेवायचा नसतो, म्हणून उरलेल्या नोंदीही आम्ही पाचला पाच मिनिटं कमी असताना आत घेतल्या. खात्याला कळवलंय. चौकशी संपेपर्यंत तुमची परवानगी शाबूत, आणि प्रकल्पही पुन्हा खुला."

ग्लेनिस ताडकन उभी राहिली. "चौकशी किती दिवस चालेल?"

"वर्ष तरी. समितीतले तिघेही लाँग सर्व्हिस लीव्हवर, लांबलचक भरपगारी रजेवर, गेलेत, कॅराव्हॅन घेऊन."

"देव त्यांचं भलं करो! मग मी सोमवारपासून कामाला लागू?"

"तू नाही गं. तू आरोपी आहेस. चौकशी होईपर्यंत तुला आत बघतासुद्धा येणार नाही. काम फक्त निष्कलंक सदस्याने करायचं."

"आणि निष्कलंक सदस्य कोण आहे?"

तालियाच्या उत्तराची गरजच नव्हती. ऑब्रेंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला होता, खुर्ची टेबलाशी ओढली होती आणि माउस दोन्ही हातांत धरून तो उलटा करून बघत होते.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "मी करतो. तू फक्त सांगत जा. नियमात तोंडी मार्गदर्शनाला बंदी नाही, मी वाचलंय. पडदा मात्र तू बघायचा नाहीस."

दुसरा उपाय नव्हता. ग्लेनिस त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली. बाहेर मर्व्ह आणि मेंढ्या अजून तिच्याकडेच बघत होत्या.

"माउस टेबलावर ठेवा," ती म्हणाली. "तसा नाही, सरळ. आता डावीकडे वर एक खूण असेल, ती दोनदा दाबा."

टक् आवाज आला. बऱ्याच वेळाने आणखी एक टक्. मग ऑब्रेंच्या तोंडून नकळत "अरे बापरे!" असं निघालं.

"काय झालं?" ग्लेनिसने खिडकीच्या चौकटीला घट्ट धरून विचारलं. "ऑब्रे, पडद्यावर काय दिसतंय?"

"ते," ऑब्रे अतिशय हळवेपणाने म्हणाले, "मला तुला सांगता येणार नाही, पोरी."