मुका पंखा

आप्पा पंखा तपासायला लागले की गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरके. चालू पंख्याच्या चौकटीला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग त्यांच्या अहिराणीत निकाल. "हाऊ दमेकरी शे." पंखा बाजूला. "हाऊ नवरदेव शे. चार दिवस ऐट, मंग कुरकुर." तोही बाजूला.

सुरतेत रिंग रोडला एका गुजराती शेठचं कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान होतं. पेंटियमचे दिवस होते ते. प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांची बैठक आणि तिच्यावर वाटीएवढा पंखा बसवावा लागे. मी गिऱ्हाईक सांभाळायचो, आप्पा जोडणी करायचे. मूळचे खानदेशातले, सुरतेतल्याच बमरोलीच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात उभी हयात फिटर म्हणून काढलेले. कारखाना सुटला तेव्हा शेठनं त्यांना हाताला वळण आहे म्हणून ठेवून घेतलं.

चार प्रकारचे पंखे आले की चारही एकाच मशीनवर आळीपाळीनं चढत. वारा बघायला जरीचा धागा. गरमी बघायला स्वतःचं बोट. बैठकीला बोट टेकवून दहापर्यंत आकडे म्हणता आले तर पंखा पास. आप्पांचं बोट लूमवर राठ झालेलं. मी एकदा हौसेनं टेकवलं तर तीनलाच "आई गं" केलं. सून पारखावी तसं चाललंय म्हणून शेठ वैतागत. "आप्पा, पंखो छे, वहु नथी! जल्दी पास करो ने!" आप्पा ढिम्म. मी मध्ये तोंड घातलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "आयकी ले, मंग बोल." आणि तेही सारी गल्ली दणाणेल अशा आवाजात. लूमच्या खडखडाटात वाढलेला माणूस ओरडूनच बोलणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

या सगळ्या खटपटीमागं मंदा होती. आप्पांची एकुलती मुलगी. आई ती लहान असतानाच गेलेली. दुकानातले जुने भाग जमवून आप्पांनी तिला घरी कॉम्प्युटर जोडून दिला होता. त्यावर ती साड्यांच्या किनारी काढून व्यापाऱ्यांना देई. येत्या वैशाखात तिचं लग्न होतं, धुळ्याला.

"काम करता करता ती मनासंगे, बापसंगे, बोलस," आप्पा मला सांगत. "पण त्या पंखामुळे काहीच आयकू येत नही. ती जावाना आधी एक मुका पंखा बसाडी देवाना शे."

लग्नाआधी लेकीचं बोलणं कानभर ऐकून घ्यायचं, एवढंच त्यांना हवं होतं. तीन पंखे बदलून झाले. मी चिडवायचो, "आप्पा, रुखवतात पंखे मांडणार का?" ते हसायचे. जरा उशिरा हसायचे. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चैत्रातल्या एका रविवारी दुपारी चौथा पंखा घेऊन मी त्यांच्याबरोबर बमरोलीला गेलो. पत्र्याची खोली भट्टीसारखी तापली होती. आप्पांनी पंखा बसवला, मशीन चालू केलं. मी अगदी कान लावला तेव्हा कुठं बारीकशी घरघर कळली. मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

मंदा आमच्याकडं पाठ करून पडद्यासमोर बसली. आप्पा भिंतीकडं तोंड करून फरशीवर सांडलेले स्क्रू वेचत होते.

"आप्पा," ती काम करता करता म्हणाली, "पुढली आखाजीले माले लेवाले तुम्हीच या. दुसरं कोणी धाडू नका."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात लेकींना सासरहून माहेरी आणायचा सण. मी आप्पांच्या उत्तराची वाट बघत होतो, तेवढ्यात लाइट गेली. पडदा काळा झाला, पंखा थांबला. खोलीत कसलाही आवाज उरला नाही.

"याल ना?" मंदानं विचारलं.

ती काहीतरी बोलतेय एवढंच पुसटसं कळलं असावं; आप्पा स्क्रू वेचतच होते. "थांब माय, आधी तो पंखा बंद कर. काहीच आयकू येत नही."

मी बंद पंख्याकडं बघितलं. मंदा मात्र दचकली नाही. बापाच्या पाठीमागं, दोन हातांवर, ती नेहमीच्या आवाजात माझ्याशी बोलली.

"पहिल्या पंख्याचाही आवाज नव्हता, भाऊ. लूमची घरघर त्यांच्या कानातच बसलीय."

"त्यांना सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? पंखा बदलला की ऐकू येईल, एवढ्यावर चाललंय त्यांचं. मी गेल्यावर पाचवा मागतील. तुम्ही आणून द्याल ना?"

मी मान हलवली. इतके दिवस केलेली थट्टा माझी मलाच लागली.

मग ती उठली, आप्पांच्या समोर जाऊन उकिडवी बसली. त्यांची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडं वळवला आणि आखाजीचं पुन्हा सांगितलं. एकेक शब्द, ओठ नीट हलवून. आप्पांनी तिच्या ओठांवरची नजर काढली नाही.

"येसू ना! मी नही ते कोण येई?" ते ओरडले. मग जरा रागावूनच म्हणाले, "पण इतलं हळू काबरं बोलस तू, माय?"

"चुकलं, आप्पा," मंदा म्हणाली. पण तोवर तिनं तोंड ओढणीत लपवलं होतं, आणि आप्पा अजून उत्तराची वाट बघत होते.