राजश्री इंदुलकर एकटीने विमान उतरविते वेळी पुढचे चाक मोडले, त्याची हकीकत

वायुदेव प्रसन्न असोत, वाचणारांचे पाय भुईवर राहोत. शके एकोणीसशे पंचेचाळीस, फाल्गुन वद्य तृतीया, ते दिवशी एका गगनमार्गी राज्यात जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. राज्य म्हणजे धावपट्टी एक, पत्र्याच्या पागा दोन आणि लहान विमाने तीन. तेथे राजश्री इंदुलकर नामे कन्या उड्डाणविद्या शिकत होती आणि वस्ताद कप्तान आठल्ये शेजारच्या आसनी बसून शिकवीत होते. ते दिवशी कप्तानांचे मनी आले, पोरगी तयार जाहली. मग आपण खाली उतरले आणि बोलले, "जा बये, एकटीने एक फेरा मारून ये." आणि फेरा उत्तम जाहला, आणि पहिल्या एकट्या उड्डाणानंतर अंगावर पाणी ओतावे ही तेथील चाल, सबब मंडळी बादल्या भरून उभी राहिली. मग उतरणे आले. धरणी जवळ आली, आणखी जवळ आली, आणि राजश्री विमानाचे नाक वर उचलणारा दांडा धरून वाट पाहत राहिली. कशाची, ते तिचे तिलाच उमजेना. तोच विमान धाडकन आदळले, उसळले, पुन्हा आदळले, पुढचे चाक मोडले आणि नाक घाशीत उभे राहिले. राजश्री पट्ट्यात लटकली. आभाळ कोणीकडे, भुई कोणीकडे, काही कळेना. मंडळी बादल्यांसुद्धा धावली. एकाने इंजिनावर ओतली, दुसऱ्याने राजश्रीवर, आणि हे अभिनंदन की आग विझविणे, ते ओतणारासही सांगता येईना.

मग मुख्याधिकारी गुप्तेसाहेबांनी दरबार भरविला आणि बजाविले, "कारण सापडले नाही तर पोरीचे नाव कमी होईल." बारकू मिस्त्री बोलले, "चाक माझं खणखणीत होतं. वारा आडवा आला." कोणी म्हणाले, वारा तर पडलेला. कप्तान म्हणाले, "कुत्रे आले असेल." सायंकाळपर्यंत ते कुत्रे तिघांनी पाहिले, दोघांनी काळे, एकाने पांढरे. कप्तान राजश्रीचे कानी लागले, "कुत्रं म्हण, सुटशील." आणि राजश्री गोंधळली, आणि क्षणभर तिलाही कुत्रे दिसू लागले, मग बोलती जाहली, "कुत्रं नव्हतं साहेब. साठ वेळा उतरले, दर वेळी कप्तान 'ओढ' म्हणायचे, मग मी दांडा ओढायची. आज कुणी म्हणालंच नाही."

साहेबांनी पुसिले, "आठल्ये, साठही वेळा?"

"सवय हो साहेब. आपोआप तोंडातून जातं."

"मग उतरत कोण होतं?"

मग आज्ञा जाहली की, पोरीचे नाव राहील. कप्तानांनी वीस उतरणी शेजारी बसावे आणि अवाक्षर काढू नये.

"भुई अंगावर येते साहेब, गप्प कसं बसायचं?"

"तेच शिका."

आठवे दिवशी दोघे दुसऱ्या विमानी बसले. धरणी जवळ आली आणि कप्तानांनी दोन्ही हातांनी तोंड दाबिले, डोळेही मिटले. राजश्रीने आपल्या अंदाजे दांडा ओढिला. मग बराच वेळ काहीच जाहले नाही, तेव्हा कप्तानांनी भीत भीत पुसिले, "उतरलो का गं?"

"केव्हाच," राजश्री म्हणाली. "पण बोललात. ही विसांत धरायची नाही."

एवंच राजश्री उडती राहिली आणि कप्तान गप्प राहू लागले. पैकी दुसरे काम अधिक अवघड गेले, असे राज्यातील जाणते म्हणतात. इति हकीकत पुरी जाहली.