मुरलीला गुन्हा पाहिजे

मुरलीकृष्णाला सोमवारपर्यंत एक गुन्हा हवा होता आणि तंजावरात कोणी तो करायला तयार नव्हतं.

तो विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र शिकत होता. शेवटच्या वर्षी आपापल्या गावी जाऊन एका खऱ्या गुन्ह्याचा तपास करायचा, अहवाल लिहायचा आणि त्यावर पोलीस ठाण्याचा शिक्का आणायचा, असा नियम होता. अहवाल नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर पापनाशमला मामाच्या खताच्या दुकानात गोण्या उचलायच्या, हे त्याच्या वडिलांनी, रंगरावांनी, आधीच ठरवून टाकलं होतं. देशाची दारं नुकतीच उघडली होती, गल्लीतली पोरं त्या दारातून कॉम्प्युटर क्लासला गेली होती आणि आपला मुलगा चोरांचा अभ्यास करतो हे सांगताना रंगरावांची मान खाली जायची.

"चोर कॉलेजला न जातां चोरी करतांत," ते घरच्या तंजावरी मराठीत म्हणत. "तूं कॉलेजला जाऊन चोर मिळेना म्हणतोस. कशास शिकतोस रे हें?"

मुरलीने जिवाचा आटापिटा केला. बसस्टँडवर हरवलेली छत्री त्याने शोधली, तर ती मालकाच्याच काखेत निघाली. रात्री झोप नाही, जेवणात चित्त नाही. आपल्या गावात सगळे इतके सज्जन का, या विचाराने त्याला रडू यायचं.

शुक्रवारी सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर अलमेलु मामी किंचाळल्या. पिंपळाखालचा पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती, नाहीसा झाला होता. नारळाएवढी दगडी मूर्ती, पण साऱ्या गल्लीचा देव. मुरली इतक्या आनंदाने धावला की मामींना क्षणभर त्याचाच संशय आला.

ठाण्यात इन्स्पेक्टर सुब्रमण्यम वडा खात होते.

"अरे तंबी, पोरा, घरी जा," ते म्हणाले. "कोणीतरी भक्तीने उचलला असेल. विकत आणलेल्या पिळ्ळैयारापेक्षा चोरलेला जास्त पावतो, हे तुला कोणी सांगितलं नाही? या ठाण्यातला काय मी दुकानातून आणलाय?"

"सर, भारतीय दंड संहिता, कलम तीनशे एकोणऐंशी!"

सुब्रमण्यमनी वडा खाली ठेवला. अडाण्याला हाकलता येतं, शिकलेल्याची तक्रार लिहून घ्यावी लागते.

पिंपळापुढे मामी रोज सडा घालून कोलम काढत. त्या ओल्या मातीत, तांदळाच्या पिठाच्या रांगोळीवर, एका अनवाणी पायाचा ठसा उमटला होता. मुरलीने बाहुल्या करणाऱ्याकडून प्लास्टर आणून त्याचा सुरेख साचा घेतला. मग साचा हातात घेऊन तो घरोघर पाय बघत फिरला. मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा इतके निरखून पाय बघत नाहीत.

"माझा पाय बघतोस?" अलमेलु मामी कडाडल्या. "याच पायांवर तुला लहानपणी न्हाऊ घातलं रे!"

त्यांच्या घरून येणारं दही बंद झालं. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली ठाण्यावर गेली. आमच्या बायकांच्या पायांना हात लावणारा हा कोण, अशी एकाची तक्रार. दुसऱ्याची तक्रार, माझ्या बायकोचा पाय का बघितला नाही, आम्ही काय कमी आहोत? ओरडा वरच्या साहेबांपर्यंत गेला.

"झालं तुझ्या मनासारखं," सुब्रमण्यम म्हणाले. "सोमवारी साहेबांना नाव पाहिजे. आता जो सापडेल त्याला आत टाकावंच लागेल. देवा, कुणाची म्हातारी सापडणार आहे कोण जाणे!"

सोमवारी सकाळी मुरली साचा घेऊन निघाला. नाव मिळालं नव्हतं. निदान साचा तरी साहेबांपुढे ठेवावा, असं त्याने ठरवलं होतं.

"असाच जातोंस कां?" आई, सरस्वतीबाई, दारात आल्या. "नमस्कार कर."

प्रत्येक परीक्षेला जाताना करायचा तसा तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. आईच्या डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. हातातल्या साच्यातही ते तसंच चढलेलं होतं. सगळी गल्ली पालथी घातली, पण आपल्याच घरातले पाय बघायचं त्याला सुचलं नव्हतं.

"आई! कोठें आहे तो?"

"तांदळाच्या डब्यांत," त्या शांतपणे म्हणाल्या.

"कां केलंस असं?"

"तूं पहिल्या वर्षी नापास झालास, तेव्हां घरांतला गणपती काय केला? विकत आणलेला तो. तुज गुन्हा मिळेना, अन्न जाईना. म्हणून हा घेटला."

मुरली मटकन खाली बसला. अख्ख्या जिल्ह्यात एकच गुन्हेगार सापडला होता आणि तिने गुन्हा केला होता तो त्याला गुन्हा मिळावा म्हणून.

"तुज आंत टाकतील ग, आई!"

"टाकूं देत. माझं नांव लिही. पास होशील नं?"

आता मात्र तो खरंच रडला. पदवी, खताच्या गोण्या, वडिलांची खाली गेलेली मान, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग उठून त्याने तो साचा वाटणाच्या दगडावर आपटला. आईने तुकडे गोळा करून बारीक वाटले आणि दुसऱ्या दिवशी दारात त्याचाच कोलम घातला. इतकं पांढरं पीठ कुठून आणलं, असं अलमेलु मामींनी भांडण विसरून विचारलं.

अहवालात मुरलीने लिहिलं: कसून तपास केला. पुरावा नष्ट झाला. आरोपी सापडला नाही. सुब्रमण्यमनी न वाचता शिक्का मारला आणि उरलेला वडा त्याच्यापुढे सरकवला.

महिनाभर त्याने खताच्या वासाची मनाने तयारी केली. मग निकाल आला. मुरली पहिला! अहवालावर प्राध्यापक चिदंबर यांचा शेरा होता: 'इतर सर्वांनी आठवड्यात गुन्हेगार पकडले आहेत, ते पटत नाही. पोलीस तपासाचा खरा अनुभव फक्त या विद्यार्थ्याने घेतलेला दिसतो.'

मुरलीला हसावं की जीव द्यावा कळेना. इतकी वर्षं शिकून त्याने आयुष्यात एकच गुन्हा उलगडला होता आणि तो लपवल्याबद्दल पहिला आला होता.

"बघिटलास? पावला," आई म्हणाल्या.

"आतां तरी परत ठेव त्यास."

"ठेवणारच. काम झालं कीं सोडायचं त्यास. पण तुझ्या बहिणीला, जननीला, इंजिनिअरिंगची सीट पाहिजे नं? तुझ्या मामाच्या दुकानाजवळ तळ्याकांठीं एक चांगला आहे म्हणतांत. तूंच जा या खेपेस. मज पाय कसा ठेवायचा कळेना, तूं शिकलेला."

रंगरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, मुलाकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांची मान वर झाली.

"आतां कळलं," ते म्हणाले, "कशास शिकतोस तें."