थेंबांच्या कामात लुडबुड

आईची चाळणी मी एका फटक्यात करून दाखवणार होते! माझ्यासारख्या ग्रंथपाल बाईला तिची वही वाचून काय जमत नाही?

चाळणी म्हणजे प्लास्टिकचा, कांद्याच्या सालीहून पातळ पापुद्रा. त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारी भोकं, मधमाश्यांनी मोजून घातल्यासारखी! आई ती पाडायची नाही, थेंबांकडून पाडून घ्यायची. काचेवर विरघळवलेल्या प्लास्टिकचं द्रावण ओतायचं, वरून दमट हवा सोडायची. द्रावणातला द्रव उडू लागला की पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं. थेंब आपणहून रांगेत बसतात आणि वाळताना जागा रिकाम्या ठेवून जातात.

आईला जाऊन दीड महिना झाला होता. प्रयोगशाळेचे नवे साहेब तिचं टेबल मोडीत काढणार होते. आज एक अख्खी चाळणी दाखवली, तरच ते वाचणार होतं. तिनं स्वतः कालवलेलं द्रावण तीनदा पुरेल एवढंच उरलेलं. वीस वर्षं तिच्याबरोबर काम केलेल्या काकांचे हात आता थरथरतात, म्हणून मी.

पहिल्यांदा ओतलं. वर पांढुरकं धुकं आलं. ओल! पुस्तकांची जन्माची वैरीण! मी टिपकागद दाबलाच.

"अगं, काय केलंस?"

"ओल टिपली."

"तेच थेंब होते, बये! बसलेल्यांच्या बुडाखालची सतरंजी ओढलीस!"

दुसऱ्यांदा टिपकागद काकांनी खिशात घातला. धुकं आलं. मला राहवेना. मी खिडकी उघडली.

"जरा हवा खेळू दे म्हटलं..."

सगळा दमटपणा पळाला. काच चष्म्यासारखी नितळ, भोक एकही नाही!

काका मटकन बसले. "वीस वर्षांत तुझ्या आईनं थेंबांना एकदाही घाई केली नाही."

"आम्हाला मात्र आंघोळीला पाच मिनिटं द्यायची!"

"थेंब उलट बोलत नाहीत."

बाटली उपडी करून शेवटचं ओतलं. यापुढे तिच्या हातचं काहीच उरणार नव्हतं. "हातांवर बस," काका म्हणाले. बसले. धुकं आलं, दाटलं, ओसरलं. मी श्वाससुद्धा बेतानं घेतला.

साहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो काढेचनात. या टोकापासून त्या टोकापर्यंत षटकोन, एकही चुकार नाही!

"टेबल राहू द्या," ते अखेर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कमाल आहे! हे तुम्ही केलंत?"

मी मान ताठ केली, तेवढ्यात काका म्हणाले,

"हिनं? छे! हिला मी काही करू दिलं नाही, म्हणून झालं."